लंडनला निघालेल्या आईच्या पर्समध्ये काय असावं

आमच्या बडोद्यातून उन्हाळा आला की कोणी ना कोणी लंडनला निघतं. कुणाचा मुलगा तिथे, कुणाच्या लेकीचं बाळंतपण. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू सगळं वजन करकरून बॅगेत बसवलेलं असतं. पैशाचं विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं: "मला काय लागणार? मुलगा आहे ना तिथे." आमच्या मजल्यावरच्या गुजराती मासीही तेच म्हणतात, "मारे शुं खर्च, छोकरो छे ने!"

निवृत्त होईपर्यंत मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर होते. तिथेही नवरा पाउंड घ्यायला यायचा, बायको मागे बाकावर बसलेली असायची. मला हे तेव्हाही पटत नव्हतं. आयुष्यभर घरचा हिशेब जिने चालवला, तिला नातवाला आइस्क्रीम घेऊन द्यायचं तर मुलाकडे हात पसरावा लागतो. खरं म्हणजे ती पसरतच नाही. ती बाहेर जायचंच सोडून देते, आणि मग "तिकडे फार कंटाळा येतो गं" म्हणत परत येते.

लंडनमध्ये तर स्वतःचं कार्ड नसेल तर बसमध्येही चढता येत नाही. तिथल्या बसमध्ये जुलै 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत. बँकेचं कार्ड मशीनला टेकवायचं, बीप झालं की आत. आणि एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याचं कार्ड दोघांसाठी दोनदा टेकवून चालत नाही, दोघांना दोन कार्डं लागतात. बसला चढतानाच टेकवायचं, उतरताना नाही. ट्यूबला, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेला, मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे, तेही तेच कार्ड. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन असं केलं तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि जास्त पैसे कापले जातात. दिवसभराच्या प्रवासाचं भाडं एकत्र वळतं होतं, म्हणून लगेच मेसेज आला नाही तर घाबरायचं कारण नाही. एका तासात बस बदलली तर पुढच्या बसचं वेगळं भाडंही लागत नाही.

माझी वहिनी लंडनमध्येच हॅरोला लेकीकडे राहिली होती. जाण्यापूर्वी मी तिचं कार्ड करून घेतलं. मग बसने ती एकटी वेम्बलीला ईलिंग रोडवर जायची, मेथी, तोंडली, हिरव्या मिरच्या बघून, निवडून आणायची. लेक ऑफिसातून आली की जेवण तयार. फोनवर तिचा आवाजच वेगळा लागायचा.

हे करायला फार काही लागत नाही. बहुतेक घरांत नवरा-बायकोचं जॉइंट खातं असतंच, आणि ते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवावं असं, असेल तर दोघांनाही स्वतंत्र डेबिट कार्ड मिळतं. बायकोच्या नावाचं कधी मागितलेलंच नसतं, एवढंच. अर्ज निघायच्या महिनाभर आधी द्या.

कार्ड हातात आलं की ते परदेशात आपोआप चालेल असं धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 16 मार्च 2020 पासून नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल असंच दिलं जातं. परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं, ही दोन वेगळी बटणं बँकेच्या ॲपमध्ये आपण चालू करायची असतात. बसला दोन्ही लागतात. तिथेच मर्यादाही ठरवता येते. ती बेताचीच ठेवा, म्हणजे कार्ड हरवलं तरी धसका नको. पिन पाठ हवा. रावपुऱ्यात जाता-येता एखाद्या एटीएममधून तिने स्वतः पाचशे रुपये काढून बघावेत, मुलाने शेजारी उभं राहून सांगू नये. आणि भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे मेसेज त्याच्यावर येतात. यूपीआयवर ब्रिटनमध्ये विसंबू नका.

आता खर्चाचं. डेबिट असो की क्रेडिट, परकीय चलनातल्या खरेदीवर बहुतेक बँका मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा आकार, लावतात, पुष्कळ ठिकाणी साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 10,000 रुपयांच्या खरेदीला 413 रुपये वर. भाजी-बससाठी हे मला चालतं. मोठी खरेदी असेल तर पाउंड भरलेलं फॉरेक्स कार्ड घ्यावं. ते पाउंडांचंच घ्या. डॉलर भरून पाउंडात खर्च केला की चलन बदलायचा आकार पुन्हा द्यावा लागतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे जातात ते एका साध्या प्रश्नाला. दुकानातलं किंवा एटीएमचं मशीन आपलं कार्ड भारतीय आहे हे ओळखतं आणि विचारतं, रुपयांत देणार की पाउंडांत? रुपये दिसले की आपल्या माणसाला बरं वाटतं. पण तो दर त्या मशीनवाल्याने लावलेला असतो, त्यात त्याचा नफा असतो, आणि पुष्कळ बँका त्यावर पुन्हा आपला आकार घेतात. दरवेळी पाउंडच निवडायचे. मशीनवर पाउंड 'जीबीपी' असे दिसतात, म्हणून मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'जीबीपी' लिहून कार्डाच्या पाकिटात घालून देते.

रोख थोडी असावीच, पाच-दहा पाउंडांच्या नोटांत. इथून 50,000 रुपयांच्या आतलं चलन रोख रुपये देऊन घेता येतं, वरचं असेल तर चेक किंवा कार्ड. आणि कपाटात जपून ठेवलेले जुने पाउंड नेण्याआधी नीट बघा. कागदी 20 आणि 50 च्या नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत. ॲडम स्मिथचं चित्र असलेली 20 ची नोट अजून कितीतरी घरांत निघते. ती वाया गेलेली नाही. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा बदलून देते, त्याला मुदत नाही. पण ते काम मुलाकडे सोपवावं लागेल. नव्या नोटा प्लॅस्टिकच्या असतात, त्यांतल्या काहींवर राणी, काहींवर राजा चार्ल्स; दोन्ही चालतात.

परत आल्यावर उरलेल्या नोटा 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंत घरात ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर 180 दिवसांत बँकेत द्याव्या लागतात. नाण्यांना मर्यादा नाही, पण ती इथे सहसा कोणी बदलून देत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात खर्चून टाका. ॲपमधलं परदेशाचं बटण बंद करायचं, मात्र शेवटच्या दिवसाचं बसभाडं खात्यातून गेलेलं दिसल्यावरच.