तुम्ही विचारलंत म्हणून : पन्नाशीतली बी.ए.

‘या वयात त्यांच्या डोक्यात काही शिरते का हो, सर?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, तसा शिक्षक-कक्षातही. यावल तालुक्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी दर रविवारी मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवतो आणि त्यांतले निम्मे तरी पस्तिशी ओलांडलेले असतात. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

शिरते. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार मांडले होते : नवे कोडे झटपट सोडवणारी आणि अनुभवातून, वाचनातून साचत गेलेली. वयानुसार पहिलीचा वेग मंदावतो, पण दुसरी उतारवयापर्यंत टिकते, अनेकदा वाढतेही. अडचण डोक्यात शिरण्याची नसून डोक्यातले कागदावर उतरवण्याची असते आणि माझे बहुतेक काम तिथेच आहे.

गेल्या वर्षी पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की विक्रीला येणारा माल किती कमी-जास्त होतो ते, शिकवून झाल्यावर मी एक उत्तर लिहायला दिले. वर्गात पन्नाशीचे एक केळी उत्पादक आहेत. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. बारावीनंतर तीस-बत्तीस वर्षांनी त्यांनी हाती पेन धरले होते. अर्ध्या तासात त्यांच्या वहीत दीड ओळ उतरली : ‘पुरवठा अलवचीक असतो, कारण तो बदलत नाही.’ मी शेजारी बसून विचारले, ‘आप्पा, रावेरच्या बाजारात केळीचा भाव पडला तर तुम्ही माल थांबवता का?’ ते म्हणाले, ‘थांबवणार कसा, सर? घड तयार झाला की कापावाच लागतो, नाहीतर झाडावरच पिकतो आणि मग व्यापारी हात लावत नाही. आणि भाव चढला म्हणून उद्या नवा घड येतो का? लावल्यापासून वर्ष जातं.’ मी म्हटले, ‘हेच लिहा.’ त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘हे तर बोलणं झालं. पेपरात असं लिहितात का?’

घरात लेवा बोली, अहिराणी किंवा तडवी बोलणाऱ्या या माणसांना पुस्तकातली प्रमाण मराठी इतकी परकी आणि वरची वाटते की आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट म्हणजेच अभ्यासक्रमातली गोष्ट, हे त्यांच्या मनात येतच नाही. मी आप्पांची वाक्ये जशीच्या तशी फळ्यावर लिहिली आणि खाली पुस्तकाचे शब्द मांडले : नाशवंत माल, अल्पकाळ, अलवचीक पुरवठा. (ज्यांचे नाव आमच्या जळगावच्या विद्यापीठाला आहे त्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी लिहून घेतले म्हणून त्यांची कविता आपल्यापर्यंत पोचली.)

मात्र अनुभवाचे कौतुक करून थांबलो, तर ती विद्यार्थ्याची फसवणूक ठरेल. पदवीचे शिक्षण म्हणजे स्वतःच्या बांधापलीकडचे पाहता येणे. म्हणून मी उलटे उदाहरण मागितले आणि मागच्या बाकावरच्या ताई म्हणाल्या, ‘कापूस आम्ही घरात भरून ठेवतो, भाव येईपर्यंत.’ साठवता येणाऱ्या मालाचा पुरवठा भावाला अधिक प्रतिसाद का देतो, हे त्यानंतर वर्गाने आपापसांतच सोडवले.

सुरुवातीच्या वर्षांत मी असे शिकवत नव्हतो. नोट्स सांगायचो आणि गैरहजेरीबद्दल सर्वांसमक्ष जाब विचारायचो. असाच जाब विचारल्यावर एक अंगणवाडी सेविका यायच्या बंद झाल्या. तो कापूस वेचणीचा हंगाम होता आणि त्या सुट्टीच्या दिवशी मजुरांबरोबर स्वतःच्या शेतात राबत होत्या, हे मला फार उशिरा कळले. त्या परत आल्या नाहीत. त्याचे मला आजही वाईट वाटते.

आता वेचणीच्या महिन्यांत मी अवघड घटक घेत नाही. भुसावळहून येणारे रेल्वेचे कर्मचारी रात्रपाळी करून थेट वर्गात येतात, त्यांना झोप लागली तर लागू देतो. पहिल्याच रविवारी प्रत्येकाला प्रश्नपत्रिकेच्या बारीक टायपातला एक परिच्छेद वाचायला देतो, कारण ‘माझं वाचन मंद झालं’ म्हणणाऱ्या कित्येकांना चाळिशीचा चष्मा तेवढा लागलेला असतो आणि ते दोष मात्र बुद्धीला देत असतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झाले ते अशा माणसांच्या दारापर्यंत पदवी पोचावी म्हणून. पुस्तके मिळतात. ती उघडून पहिले उत्तर लिहिताना मात्र शेजारी कुणीतरी बसावे लागते.

सराव परीक्षेत आप्पांनी त्याच प्रश्नाचे दीड पान लिहिले, केळी आणि कापूस दोन्ही उदाहरणांसह. शेवटचे दोन प्रश्न वेळेअभावी राहिले. सध्या आम्ही रोज रात्री नऊ वाजता घड्याळ लावून एकेक उत्तर लिहितो. ते त्यांच्या घरी, मी माझ्या घरी फोन कानाला लावून.