मॅलॉक लिहिताना मामांचे क्रेट

सातपूरच्या आमच्या ऑफिसात मशिनींचा सेन्सर डेटा गोळा करणारा एक सर्व्हर चालतो. सकाळी ४०० एमबी मेमरीवर असलेला हा गडी संध्याकाळी ३ जीबीवर जायचा. मेमरीच्या चुका शोधणारं वॅलग्रिंड म्हणे, लीक (घेऊन परत न केलेली मेमरी) नाहीच.

ग्लिबसी म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी; तिचा मॅलॉक, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणारा ॲलोकेटर, मुळात डग ली यांच्या १९८७च्या ॲलोकेटरवरून आलेला. मला वाटलं, दोष त्या म्हाताऱ्याचाच, आपणच नवा लिहू. टीम लीड म्हणाले, "आधी जेमॅलॉक लावून बघ." हा तयार मिळणारा दुसरा ॲलोकेटर. नाही बघितलं.

१६, ३२, ४८ बाइट असे साइझ क्लास, म्हणजे ब्लॉकची ठरावीक मापं, केले आणि प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाला) स्वतःची फ्री लिस्ट, म्हणजे रिकाम्या ब्लॉकची यादी दिली, म्हणजे एकमेकांसाठी थांबायला लावणाऱ्या लॉकची भानगड नको. पहिल्याच रनला स्टॅक ओव्हरफ्लो! डीबगसाठी मॅलॉकच्या आत प्रिंटएफ (स्क्रीनवर मजकूर छापणारं फंक्शन) टाकला होता. प्रिंटएफला बफर लागतो, आणि तो मागतो कोणाकडे? मॅलॉककडेच. मग दोघं एकमेकांना बोलावतच राहिले. यात एक अख्खी दुपार गेली.

ते निस्तरल्यावर सर्व्हर लावला, तर संध्याकाळी ५ जीबी. आधीपेक्षा वाईट.

फेब्रुवारीत निफाडला मामांकडे गेले, तेव्हा द्राक्षांची काढणी चालू होती. मामा वैतागलेले. "अगं, भरलेले क्रेट पॅकहाऊसला जातात, रिकामे तिथेच पडून राहतात. तिकडे ढीग, आणि मी इकडे नवे विकत घेतोय." म्हणून यंदा प्रत्येक क्रेटला निळा पट्टा मारला होता. गाडी माल उतरवून परतताना निळे तेवढे उचलून आणते.

माझंही तेच चाललं होतं. एक थ्रेड पॅकेट वाचताना मेमरी घ्यायचा, दुसरा डेटाबेसमध्ये लिहून ती फ्री करायचा. रिकामे ब्लॉक दुसऱ्याच्या लिस्टमध्ये साठत होते आणि पहिला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, नवे मागत होता.

मग मीही पट्टा मारला. मेमरी ६४ केबीच्या तुकड्यांत घेतली, तुकड्याची सुरुवातही ६४ केबीच्या पटीतच. ब्लॉकच्या पत्त्यातले शेवटचे १६ बिट शून्य केले की थेट तुकड्याचं हेडर, म्हणजे सुरुवातीची नोंद, मिळतं, आणि त्यात मालक थ्रेडचं नाव. फ्री करणारा परका असेल तर ब्लॉक अॅटॉमिक पद्धतीने (मध्येच दुसरा थ्रेड घुसू शकणार नाही असा) मालकाच्या परतीच्या यादीत टाकतो. मालकाची लिस्ट संपली की तो ती यादी एका झटक्यात उचलतो.

संध्याकाळी ५२० एमबी. मी ऑफिसभर पेढे वाटले.

मग राहवेना म्हणून रात्री गुपचूप जेमॅलॉक लावून सर्व्हर दिवसभर चालू ठेवला. ५४० एमबी, एका ओळीच्या बदलात. टीम लीडना हा आकडा अजून सांगितलेला नाही.