१९६४ यार्ड आणि टचडाऊन फक्त ५

परवा मेहुण्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर परत तेच भांडण. त्याचं म्हणणं, अमेरिकन फुटबॉलमधला रिसीव्हर (पास पकडणारा) किती भारी ते त्याने कॅच घेऊन मिळवलेल्या यार्डांवरून कळतं, बाकी सगळ्या गप्पा. मी इथे मिशिगनमध्ये राहून इथल्या डेट्रॉइट लायन्स टीमच्या नादी लागलेला माणूस, यार्ड कसे फसवतात ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

२०१२ घ्या. लायन्सचा रिसीव्हर कॅल्व्हिन जॉन्सन, १९६४ यार्ड, एका सीझनचा रेकॉर्ड. टचडाऊन (बॉल शेवटच्या पट्ट्यात नेऊन होणारा स्कोअर) किती, तर ५! टीम ४ जिंकली, १२ हरली. आता यात त्याचं काय चुकलं, समोरचे त्याच्यावर दोन-दोन जण लावायचे तरी क्वार्टरबॅक (पास फेकणारा) स्टॅफर्ड त्याच्याकडेच फेकायचा, कारण दुसरं होतं कोण, आणि त्या वर्षी स्टॅफर्डने तब्बल ७२७ पास फेकले, मग यार्डांचा ढीग लागणारच ना.

खरी गंमत पुढेच आहे. तोच स्टॅफर्ड २०२१ ला लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि तिथला रिसीव्हर कूपर कपने १९४७ यार्ड काढले (एक मॅच जास्त मिळाली हे मान्य), टचडाऊन १६. कॅल्व्हिन सहा फूट पाच इंच आणि वाऱ्यासारखा, हा ४० यार्डांना ४.६२ सेकंद घेणारा, रिसीव्हरसाठी स्लोच. याला साइडलाइनजवळ एकट्याला उभा केला असता तर कॉर्नरने (कडेला रिसीव्हरला अडवणाऱ्या डिफेंडरने) सुरुवातीलाच धरून दाबला असता. म्हणून त्याला आत स्लॉटमध्ये (साइडलाइन आणि मधल्या गर्दीच्या दरम्यान) घेतला, स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होतो त्याच्या) आधी इकडून तिकडे हलवत ठेवला, त्याला नीट हात लावायची संधीच मिळेना कोणाला. वर रनच्या वेळी (दुसरा बॉल घेऊन पळतो तेव्हा) आपल्यापेक्षा जाड माणसांना ब्लॉकही करतो पठ्ठ्या. ते कुठल्या आकड्यात येतं सांगा.

रिसीव्हर डीके मेटकाफचं बरोबर उलटं. सरळ ४० यार्ड पळायला ४.३३, पण वळायच्या थ्री-कोन ड्रिलला ७.३८, म्हणजे संथ म्हणून गाजलेल्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीपेक्षाही हळू 😄 लोकांनी टिंगल केली, ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे) ६४ वा गेला. सिएटलने सुरुवातीला त्याला गो, स्लँट, हिच असलीच (सरळ पळायची किंवा एकाच वळणाची) कामं जास्त दिली, फार वळवलंच नाही. २०२० ला १३०३ यार्ड.

आणि जार्व्हिस लँड्री, २०१७, ११२ कॅच, लीगमध्ये सगळ्यात जास्त, यार्ड मात्र ९८७. मेहुण्याच्या हिशोबात हा नापास. अरे पण त्याचं कामच पाच-सहा यार्डांवर गर्दीत बॉल पकडून मार खायचं होतं, कबड्डीतल्या कोपऱ्याच्या पोराला रेडचे पॉइंट किती विचारतोस का तू?

मी तर हल्ली बॉल सोडून एकच रिसीव्हर बघत बसतो. टीव्हीवर हे अवघड जातं, कॅमेरा बॉलमागे पळतो. मागे एक वरच्या अँगलची क्लिप मिळाली, डावीकडचा गडी जीव खाऊन चाळीस यार्ड पळतो, सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) त्याच्या मागे जातो, मधे एवढी मोठी जागा होते आणि कॅच भलत्याचाच. त्या गड्याच्या नावावर शून्य. पाठवली मेहुण्याला. त्याचा रिप्लाय, "यात बॉल कुठाय?"