आमच्या उन्हाळी शिबिराचा इतिहास लिहिताना

आमच्या घरचं उन्हाळी शिबिर पुण्यात, सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या अंगणात सुरू झालं. आधी आजोबांनी चालवलं, मग आत्या आणि बाबांनी; आता मी आणि माझा चुलतभाऊ चालवतो. दर मे महिन्यात कुणी ना कुणी पालक विचारतात, "किती वर्षं झाली?" आणि घरातली तीन माणसं तीन वेगळी उत्तरं देतात. म्हणून गेल्या पावसाळ्यात इतिहास नीट लिहायला घेतला. आपल्या घरच्या क्लासचा, तालमीचा, वाचनालयाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर यातलं काही उपयोगी पडेल.

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत हजेरीची रजिस्टरं, आजीच्या हिशोबाच्या वह्या, पोस्टकार्डं, दोन अल्बम आणि काही कॅसेट्स होत्या. काळ्या कागदावर डिंकाने चिकटवलेले फोटो उचकटायला जाऊ नका, फाटतात. मी खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पानासकट फोटो काढून घेतले. कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी.

खरं काम होतं ते साल लावण्याचं. आजोबा चित्रकलेचे शिक्षक. फोटोच्या मागे ते प्रत्येक मुलाचं नाव सुरेख अक्षरात लिहीत, पण साल कधीच नाही. आजीच्या वह्यांवरही नुसतं 'शिबिर'. आत्याचं म्हणणं होतं, "अगं, पुरानंतरचं आहे ते. पूर ओसरला आणि पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी मुलं गोळा केली." पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ला, म्हणजे पहिलं शिबिर १९६२च्या मे महिन्यातलं. बाबा मात्र १९६६ म्हणत होते.

निकाल लागला तो आजीच्या वहीत. सगळ्यांत जुन्या दोन वह्यांमध्ये रकमा 'रु.' आणि 'न.पै.' अशा लिहिलेल्या आहेत. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला, आणि पैशामागचं 'नवा' हे विशेषण १ जून १९६४पासून गेलं. म्हणजे या दोन्ही वह्या बहुधा त्याआधीच्या. आत्याचं बरोबर निघालं.

मग जुन्या शिबिरार्थींना फोन करायला लागले. आता सत्तरीत असलेली ही माणसं लगोरी, सूरपारंब्या, मातीकाम, पर्वतीची चढाई यांबद्दल भरभरून बोलली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी न विचारता एकच दिवस सांगितला: पंडित नेहरू गेले तो. आजोबांनी रेडिओ ऐकून सगळ्यांना गोल बसवलं, दोन मिनिटं शांत उभं केलं आणि घरी सोडलं.

इथे मी अडले. नेहरूंचं निधन २७ मे १९६४च्या दुपारी झालं आणि बातमी लोकांपर्यंत पोहोचली दोननंतर. आमचं शिबिर तर सकाळी आठ ते अकरा, माझ्या आठवणीत कायमच. मग दुपारी दोननंतर मुलं अंगणात होती कशी?

परत आजीच्या वह्या उघडल्या. आधी नुसत्या चाळलेल्या नोंदी आता ओळीने वाचल्या. भवानी पेठेतल्या भुसार बाजारातून आणलेले तांदूळ, तूरडाळ, कोळसा, पत्रावळी. कैऱ्या आणि गूळ पन्ह्यासाठी म्हणावेत, पण तांदूळ कशाला? शिबिर तेव्हा दिवसभराचं होतं. मुलं तिथेच जेवत, दुपारी ओसरीवर पडत, उन्हं उतरल्यावर घरी जात. घरात हे कुणालाही ठाऊक नव्हतं. बाबा तेव्हा पाळण्यात होते, आणि आत्या म्हणाली, "आम्ही तर घरीच होतो, आम्हाला काय कळणार कोण कधी गेलं!"

कारण सापडलं हजेरीच्या रजिस्टरात. पत्त्याच्या रकान्यात कित्येक नावांपुढे 'निसन हट' आणि क्रमांक. पुरात घरं गेलेल्यांसाठी शहरात अशा अर्धगोल, पत्र्याच्या झोपड्या उभारल्या होत्या. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली लहान मूल ठेवणं म्हणजे काय, हे कुणी वेगळं सांगायला नको. या नावांपुढे फीचा रकाना कोरा आहे आणि आजीच्या वहीत त्याच मुलांसाठी पी.एम.टी.चं बसभाडं मांडलेलं आहे. आजोबांची चित्रकला, मातीकाम, नाटुकली हे सगळं होतंच. पण त्या मुलांना आधी हवी होती दुपारची सावली आणि जेवण, आणि माझ्या आजी-आजोबांनी ते ओळखलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं आम्ही माहितीपत्रकावर 'कलागुणांच्या विकासासाठी सुरू झालेलं शिबिर' असं छापत होतो.

जेवण बंद कधी झालं तेही कळलं. पालकांना पाठवायच्या एका छापील कार्डावर 'यंदा जेवणाची सोय करता येणार नाही, मुलांना अकरा वाजता न्यावे' असा मजकूर आहे, तारीख नाही. पण खाली पत्त्यात 'पुणे ४११ ०३०' आहे, आणि पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. दुष्काळाचं ते साल, रेशनवर मिलो ज्वारी मिळायची. पुढच्या उन्हाळ्यात बाहेरच्या इतक्या मुलांना भात वाढणं आजीला जमलं नसणार. वह्यांमधली तांदळाची नोंदही तिथेच थांबते.

त्यानंतरचा इतिहास लिहायला सोपा गेला. रंगीत फोटो, छापील पावत्या, ओरिगामी, वारली चित्रं, करोनात बंद राहिलेले उन्हाळे.

पुस्तिका छापून झाली आहे. पहिलं प्रकरण निसन हटमधल्या मुलांचं आहे. त्यांची नावं मी त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारूनच घेतली. माहितीपत्रकावरचं ते वाक्य काढून टाकलं. आणि येत्या मेमध्ये सकाळच्या वर्गाखेरीज दिवसभराची एक तुकडी ठेवतो आहोत, परिसरात धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या आणि वॉचमनच्या मुलांसाठी, फी न घेता. वाडा पडून आता इमारत झाली आहे, त्यामुळे खालचा हॉल दुपारी मिळावा म्हणून सोसायटीकडे अर्ज दिला आहे. वरण-भाताचं आत्या बघणार आहे.