चोर्ला घाटात सुभेदारकाकांनी बसू दिलं नाही

यंदा पहिल्यांदाच गोव्यातल्या साखळीहून वारीला, पंढरपूरला पायी गेलो. पायाला फोड किती आले, कुठल्या गावात जेवण कसं होतं हे सगळेच लिहितात, ते सोडतो. मला गोव्यातनं बेळगावकडे चढणाऱ्या चोर्ला घाटातली एकच सकाळ सांगायची आहे.

केरीला मुक्काम होता. मिरगाने तीन दिवस नुसतं झोडपून काढलेलं, रेनकोट घातला काय नि नाही काय, आणि घाट चढायच्या दिवशी बघतो तर लख्ख ऊन! अंजुणे धरणापाशी पोचलो तर समोरच्या डोंगरातनं वाफा निघताहेत. सगळे खूष, टाळवाले तर असे रंगात आले की मागच्यांना धाप लागली.

खूष नव्हते फक्त सुभेदारकाका. मूळ चंदगडकडचे, आता डिचोलीत मुलीकडे असतात, फौजेत सिक्कीम-काश्मीरला बर्फात वर्षं काढलेली. वर एका वळणावर मस्त पाणी पडत होतं, खाली बसण्यापुरती सपाट जागा, आम्ही पिशव्या टाकल्या, लाडवांचा डबा उघडला, दोन पोरं तर सेल्फीला थेट दरडीच्या बुडाशी. काका मागनं आले नि म्हणाले, "माउली, उठा. पुढे मोकळ्यावर बसू." मी म्हटलं काका, पाऊस तर थांबलाय. म्हणाले, "म्हणूनच सांगतोय."

मग चढता चढता त्यांनी सांगायला घेतलं. वर हिमालयात एप्रिल-मेमध्ये ऊन तापलं की बर्फाचं पाणी थरांतनं खाली झिरपतं, आतली पकड सुटते आणि अख्खा उतार ओल्या सिमेंटसारखा खाली येतो. सगळ्यात वाईट ३० ते ४५ अंशांचे उतार, कारण त्याहून खड्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. रात्री कडक गोठलं तर सकाळी तोच बर्फ दगड, म्हणून यांची तुकडी पहाटे काळोखात निघायची आणि ऊन चढायच्या आत उताराखालनं पार. रात्री ढग राहिले नि गोठलंच नाही तर निघायचंच नाही. आणि वरनं आपोआप बर्फाचे गोळे घरंगळायला लागले की तिथं एक मिनिट थांबायचं नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर बर्फ कोसळून ७ पर्यटक दगावले तेही दिवसाढवळ्या, परवानगी १३ व्या मैलापर्यंतची आणि लोक पोचले १५ व्या मैलाला. हे सांगताना काकांनी त्या सेल्फीवाल्या पोरांकडे असं बघितलं की एकाने मोबाईल खिशात घातला.

"पण इथं बर्फ कुठला?" मी.

"इथं माती आहे रे. तीन दिवसांचं पाणी आत मुरलंय, ऊन पडलं म्हणून ते लगेच बाहेर येतं होय? पाऊस थांबला तरी डोंगर आतनं भरलेलाच." इथं बर्फाच्या गोळ्यांऐवजी बारीक खडे बघायचे, कललेली झाडं, रस्त्याला नवी भेग, स्वच्छ झऱ्याला अचानक आलेलं तांबडं पाणी. तेव्हा मला २३ जुलै २०२१ आठवला, आपल्या गोव्यातच दूधसागर आणि सोनालियम स्टेशनांच्या मध्ये दरड आली नि मंगळूरहून मुंबईला जाणाऱ्या रेल्वेगाडीचे डबे घसरले. कुणाला काही झालं नाही म्हणून आपण विसरलो, एवढंच.

खरं सांगायचं तर आम्हाला काहीच झालं नाही. लाडू कणकुंबीला माउलीच्या देवळात खाल्ले, मलप्रभा तिथंच उगम पावते, पाणी एकदम गार. विणेकऱ्यांनी काकांना चिडवलं पण, की फौजी माणूस, लाडवालासुद्धा शिस्त! काका हसले फक्त.

रात्री फोटो बघताना दिसलं, त्या धबधब्याची एक कड तांबडी होती. तिथं असताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, काकांच्या आलं असेल.

येताना बसने त्याच घाटातनं उतरलो. रस्त्याच्या कडेला तीन ठिकाणी तांबड्या मातीचे ढीग ओढून ठेवलेले, आणि आमचं वळण कुठलं यावरनं आमची मागच्या सीटवर भांडणं, प्रत्येकाचं वेगळं. काका खिडकीला डोकं टेकून घोरत होते, मग विचारणार कुणाला.