आमच्या शाळेमागच्या माळाचा नकाशा

मैदानावर चुन्यानं रेषा मारून दिली की आमची मुलं वाऱ्यासारखी पळतात. रेषा नसली की थांबतात आणि माझ्याकडे बघतात, "मॅडम, कुठून जायचं?" बारा वर्षं शारीरिक शिक्षण शिकवताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की त्यानं मला झोप लागेनाशी झाली. ओरिएंटियरिंगकडे मी वळले ती त्यामुळे.

खेळ साधा आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र. जमिनीवर ठरावीक जागी केशरी-पांढरी निशाणं लावलेली असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. ती नकाशावर दिलेल्या क्रमानं गाठायची. एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंत कुठून जायचं ते मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. सोलापुरात एका शाळेनं ती भरवायची तर आधी नकाशा हवा, आणि तो तयार मिळत नाही.

जागेवरच महिना गेला. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे पोरं पळवणं मला पटलं नाही. नान्नजकडचा माळ पाहिला की पाय शिवशिवतात, पण ती माळढोकांची जागा आहे; तिथे स्पर्धा हा विचारही करू नये. शेवटी शाळेच्या मागचाच माळ घेतला. दोन मालक आणि मधे गायरान. दोघांकडून आणि ग्रामपंचायतीकडून लेखी परवानगी घेतली. माळावर एक पाझर तलाव, एक ओढा, मुरमाची जुनी खाण, कडुनिंबं, बाभळी आणि पाणलोटाच्या कामात खणलेले समतल चर आहेत.

मुख्य सॉफ्टवेअर दोन वापरली, दोन्ही फुकट. नकाशा काढायला ओपनओरिएंटियरिंग मॅपर आणि त्यावर कोर्स, म्हणजे क्रमानं गाठायच्या कंट्रोलची मालिका, आखायला पर्पल पेन. ओकॅड हे या कामातलं जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर. पण ते विकत घ्यावं लागतं आणि शाळेकडे त्यासाठी पैसे नव्हते. मॅपर फोनवरही चालतं, आणि माझं निम्मं काम फोनवरच झालं.

नवीन नकाशा उघडला की मॅपर आधी प्रमाण विचारतं आणि चिन्हांचा संच विचारतं. मी १:४००० घेतलं, म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर कागदावर अडीच सेंटिमीटर. ए-फोर कागदावर साधारण ८४० मीटर रुंद आणि ११८० मीटर लांब एवढी जमीन बसते, आमचा माळ त्यात आरामात मावला. चिन्हं या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ठरवलेली आहेत. तपकिरी रंग उंचसखलपणाला, निळा पाण्याला, काळा दगडांना आणि माणसानं बांधलेल्या गोष्टींना, पिवळा मोकळ्या जमिनीला, हिरवा दाट झाडीला. पांढरा म्हणजे ज्यातून सहज पळता येतं असं रान. युरोपातल्या नकाशांवर पांढरंच पांढरं दिसतं. आमचा माळ मात्र जवळजवळ सगळा पिवळा निघाला, मधे हिरवे ठिपके.

इथे मी जी चूक केली ती कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहिते. उपग्रहचित्र पार्श्वभूमीला टाकून मी थेट रेघा मारायला बसले. दोन रात्रींत तलाव, रस्ते, खाण सगळं झालं. तिसऱ्या दिवशी फोन घेऊन माळावर गेले तर स्वतःचा ठिपका तलावात दिसायला लागला. नकाशाला खऱ्या जमिनीशी बांधायचं राहून गेलं होतं. मॅपरमध्ये त्यासाठी वेगळी खिडकी आहे. तिथे यूटीएमचा पट्टा द्यायचा (या पद्धतीत पृथ्वीचे उभे, क्रमांक दिलेले पट्टे पाडतात), सोलापूर ४३ मध्ये येतं. खऱ्या उत्तरेत आणि होकायंत्राच्या उत्तरेत किती फरक आहे तोही द्यायचा. आपल्याकडे तो एका अंशाच्या आतच आहे, पण म्हणून रकाना रिकामा सोडू नये. हे सगळं पहिली रेघ मारण्याच्या आधी करायचं. माझ्या दोन रात्री गेल्या, मी नव्यानं सुरुवात केली.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाईनचा ग्राफ काढायचे. एक घर म्हणजे एक धागा, अशी हजारो घरं पेन्सिलीनं भरायची. ते शेजारी येऊन बसले, बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आधी काठ बांधून घे बेटा, फुलं नंतर भर." मी तसंच केलं. रस्ते, कुंपण, ओढा आणि तलावाची पाळ या रेघा आधी पक्क्या केल्या, रंगांचे भाग नंतर भरले. काम निम्म्या वेळात होऊ लागलं, कारण रेघा हलल्या नाहीत की रंग परत भरावे लागत नाहीत.

समोच्च रेषांनी मात्र रडवलं. उंचीची फुकट मिळणारी माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटींची असते. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या आणखी एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये घालून रेषा काढल्या आणि मॅपरमध्ये आणल्या. माळाचा उतार कुठे आहे एवढं कळलं. पण मीटरभर उंचीचा बांध, गुडघाभर खोल चर त्यात येणं शक्यच नव्हतं. आणि पळणाऱ्या मुलाला नेमकं तेच दिसतं. मग पायी. मला १०० मीटरला ६४ जोडपावलं लागतात, हे शाळेच्या मैदानावर टेप लावून आधी मोजून घेतलं. फोनचं जीपीएस चांगल्या वेळी पाच मीटरपर्यंत चुकतं, म्हणजे १:४००० वर सव्वा मिलिमीटर. चरांच्या रांगेत तेवढ्यानं एक चर दुसऱ्या जागी जातो. म्हणून ठिपक्यावर विसंबले नाही. पक्क्या कोपऱ्यापासून होकायंत्रानं दिशा घेतली आणि पावलं मोजली.

फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी सहा ते साडेआठ मी माळावर असायचे. त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही. शेळ्या चारायला येणारे एक आजोबा रोज भेटायचे. एकदा तलावाच्या दक्षिणेला मी ओढ्याची रेघ ओढत होते तर म्हणाले, "बाई, तिकडनं पाणी जात न्हाई आता. ह्यो बांध फुटलाय बगा, इथनं जातंय." उपग्रहचित्रात ओढा जुन्याच जागी होता. त्यांनी दाखवलेल्या वाटेनं गेले तर ताजी घळ, दीड माणूस खोल. ती नकाशावर आली नसती तर काय झालं असतं याचा विचार अजून येतो.

नकाशा हातात आल्यावर पर्पल पेन. मॅपरची फाईल ते तशीच उघडतं. नकाशाला हात लागत नाही, वरून जांभळ्या रंगात कोर्स चढतो. सुरुवातीला त्रिकोण, कंट्रोलला वर्तुळ, शेवटाला दुहेरी वर्तुळ. प्रत्येक कंट्रोलला एक सांकेतिक क्रमांक असतो, तो ३१ पासून सुरू होतो, म्हणजे "तिसरा कंट्रोल" आणि "तीन नंबरचं निशाण" यात घोळ होत नाही. ६८ आणि ८६ सारखे उलटे वाचले तर फसवणारे आकडे टाळायचे असतात. कंट्रोल नेमका कशावर आहे, झाडापाशी की बांधाच्या टोकाला, हे चित्रलिपीत लिहितात. आमच्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू. या चित्रांपुढे सगळी मुलं एका रांगेत येतात, याचा मला फार आनंद झाला.

माझा पहिला कोर्स वाईट होता. मी कंट्रोल लपवले होते: झुडपाच्या मागे, खाणीच्या कपारीत. सापडायला अवघड म्हणजे चांगला, अशी समजूत. दोन सहकाऱ्यांना पळवून पाहिलं. दोघंही बरोबर जागी पोचले आणि तिथेच गोल-गोल फिरत बसले. त्यात नकाशा वाचणं कुठेच नव्हतं. त्या संध्याकाळी सगळे कंट्रोल उघड्यावर आणले आणि लक्ष दोन कंट्रोलच्या मधल्या टप्प्यावर दिलं.

सहा ते सात हा टप्पा मला सगळ्यात आवडतो. सहावा कंट्रोल तलावाच्या पूर्वेला एकट्या कडुनिंबापाशी, सातवा पश्चिमेला मुरमाच्या खाणीच्या कोपऱ्यावर. सरळ रेघ पाण्यातून जाते. उत्तरेकडून पाळेवरून गेलं तर ८० मीटर जास्त, पण पायवाट स्वच्छ. दक्षिणेकडून जवळ, पण ओढा उतरून चढायचा आणि घाणेरीतून फट शोधायची. दोन्ही वाटा मी घड्याळ लावून पळाले, फरक जेमतेम दहा सेकंदांचा. पर्पल पेन जे अंतर दाखवतं ते सरळ रेघेचं असतं, त्यामुळे असं पळून पाहण्याला पर्याय नाही.

नकाशा उन्हाळ्याचा, स्पर्धा डिसेंबरातली. दिवाळीनंतर पुन्हा फिरले तर घाणेरीतली ती फट पार बुजली होती आणि वेडी बाभूळ वाटेवर आली होती. तिचा काटा बुटाच्या तळव्यातून वर येतो. फट थोडी पुढे सरकली होती, तशी नकाशावर सरकवली. बाभळीचा भाग गडद हिरवा केला. बिनकठड्याच्या विहिरीभोवतीचा पट्टा जांभळ्या रेघांनी बंद केला आणि माळावर प्रत्यक्ष दोरीही बांधली. एक कंट्रोल हलवावा लागला. पर्पल पेनमध्ये तो एकदा हलवला की ज्या ज्या कोर्समध्ये आहे तिथे सगळीकडे हलतो. वर्णन मात्र आपणच बदलायचं असतं. लेखापरीक्षणासारखा एक अहवाल आहे, त्यात राहिलेली वर्णनं आणि फार जवळ आलेले कंट्रोल दिसतात. छापण्याआधी तो काढाच.

छपाईत शेवटचा फटका बसला. दुकानात कागदावर बसवण्यासाठी नकाशा थोडा लहान करून छापला गेला. मी फाईलमध्ये १० सेंटिमीटरची रेघ ठेवली होती, पट्टी लावली तर ९.६ भरली. सगळ्या ६० प्रती बाद. दुसऱ्यांदा मशीनपाशी उभी राहून शंभर टक्के आकार निवडायला लावला आणि पहिलीच प्रत मोजली.

निशाणं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या उरलेल्या कापडाची. ३० सेंटिमीटरचे चौकोन, तिरके अर्धे केशरी, अर्धे पांढरे. आठवीच्या मुलींनी शिवली.

स्पर्धेदिवशी ४७ मुलं पळाली. छोटा कोर्स १.८ किलोमीटर, मोठा ३.१. परत आल्यावर प्रत्येकाला पेन दिलं आणि आपली वाट नकाशावर काढायला सांगितली. सहा ते सातपाशी सगळे अडले. नववीतल्या दोन मैत्रिणी तेलुगूत कडाकडा भांडत होत्या. एक पाळेवरून गेलेली, दुसरी ओढ्यातून. मला कळत नव्हतं, पण दोघींची बोटं नकाशावर होती.

मग त्यातली एक माझ्याकडे आली. "मॅडम, खाणीच्या वरच्या अंगाला दगड रचून घातलेली एक ताल आहे. मी तिच्यावरून उडी मारली. नकाशात नाहीये ती."

मी तिला फोन दिला, मॅपर उघडून दिलं, आणि आम्ही दोघी परत खाणीकडे निघालो.