अजून तोच कॅमेरा?

लग्नात, कीर्तनात, वारीच्या वाटेवर, गळ्यातलं धूड बघून कुणीतरी विचारतंच, "काका, अजून हाच? आमच्या मोबाइललासुद्धा पन्नास मेगापिक्सेल आहेत." एरवी हसून वेळ मारून नेतो. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

कॅमेरा निकॉन डी३. ऑगस्ट २००७ मध्ये जाहीर झालेला, निकॉनचा पहिला फुल फ्रेम (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) डिजिटल एसएलआर, म्हणजे आत हलता आरसा असलेला कॅमेरा. मी सेकंडहँड घेतला. लोकांना वाटतं, याचा जीव अडकलाय त्यात. थोडा अडकलाय, पण खरं कारण पिशवीत आहे. माझ्याकडच्या तिन्ही लेन्स निकॉनच्या जुन्या डी प्रकारातल्या: ५०, ८५ आणि ८०-२०० मिमी. त्यांच्या पोटात फोकसची मोटर नाही. मोटर बॉडीत असते आणि लेन्स जिथे बसते त्या माउंटमधून डोकावणाऱ्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारख्या दांडीने ती लेन्स फिरवते. नव्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या बॉडीवर निकॉनचा अ‍ॅडॉप्टर लावला तर या लेन्स बसतात, फोटोही निघतो, फोकस मात्र हाताने करायचा. धावत्या घोड्यावर हाताने फोकस करणारी माणसं होऊन गेली, मी त्यातला नाही. म्हणजे कॅमेरा बदलायचा तर अख्खी पिशवी बदलायची. तो हिशेब मी दरवर्षी दिवाळीला करतो आणि वही मिटतो.

घोडा म्हटलं ते उगीच नाही. चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकरी आणि मधल्या वाटेने अश्व थेट तुमच्या अंगावर येतो. सेकंदाला ९ फ्रेम, बटण दाबलं की लगेच क्लिक, आणि आषाढातली भुरभुर पडली तरी मी बॉडीवर नुसता पंचा टाकतो. पण खोटं कशाला बोलू? ५१ फोकस पॉइंट आहेत, ते सगळे मधोमध दाटीवाटीने. घोडा कडेला गेला की संपलं. आजचे कॅमेरे डोळा ओळखून त्यावर चिकटून राहतात. माझ्या तीस फ्रेममधल्या आठ-दहा तरी बाद होतात.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर फाइल ४२५६ बाय २८३२ पिक्सेलची, म्हणजे जेमतेम १२ मेगापिक्सेल. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पान भरलं तर इंचाला साधारण २३६ पिक्सेल येतात. आजवर एकाही वरमाईने भिंग लावून पान तपासलेलं नाही. हां, फोटोतून एखादा चेहरा कापून मोठा करून मागितला, तर हात वर करावे लागतात.

कीर्तनाची गोष्ट वेगळी. देवळातल्या अपुऱ्या उजेडात ३२०० आयएसओला (म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद वाढवून) हा अजून चांगलं काम देतो, पण आरसा उचलतो तो दार आपटल्यासारखा. सुरुवातीला बुवांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून पखवाजाची थाप पडते त्याच वेळी क्लिक करतो. ताल सांभाळून फोटो काढायची सवय लागली, आणि थाप चुकली तर तो फोटो सोडून देतो.

त्रास? आहेच. नुसती बॉडी १२४० ग्रॅम, बॅटरी वेगळी. ८०-२०० लावून दिवेघाट चढलो की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. सेन्सर स्वतःची धूळ झाडत नाही. पालखी सोहळ्यानंतर एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, कोऱ्या आभाळाचा फोटो काढायचा, काळे ठिपके मोजायचे आणि ब्लोअर घेऊन बसायचं. व्हिडिओ नाहीच, त्यामुळे हल्ली निम्मी कामं मी सरळ दुसऱ्यांकडे पाठवतो.

तरीही परवा भाच्याने विचारलं, "मामा, जुना मिळतोय, घेऊ का?" त्याला म्हटलं, तुझ्याकडे जुन्या लेन्स नाहीत, मग कशाला? तो ऐकेना. तेव्हा तपासायचं काय ते सांगितलं, तुम्हालाही सांगतो. मेनूत बॅटरीची माहिती असते, तिथे तिचं वय ० ते ४ आकड्यांत दिसतं. ४ असेल तर बॅटरी संपली समजा. माझ्याकडे दोन आहेत, एक ३ वर, एक ४ वर. ४ वाली हळदीपुरती, लग्नाला नाही. शटरची चाचणी ३ लाख क्लिकपर्यंत झालेली आहे, तेव्हा किती झाले ते फोटोच्या डेटात बघा. पकडीचं रबर सुटून फुगलंय का, ते बोटाने दाबून बघा. आणि टॉर्च घेऊन जा. कार्डाच्या खाचेत ५० बारीक पिना असतात, त्यातली एक जरी वाकलेली दिसली तर चहा घ्या आणि निघा. घाईत कार्ड वाकडं घातल्याने माझी एक वाकली होती. दुरुस्त होईपर्यंत आठवडाभर दुसऱ्या खाचेवर काम काढलं, आणि त्यात एक लग्न होतं.